किल्ट घेताय? आधी मागची बाजू बघा

स्कॉटलंडला शिकायला किंवा नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसापुढे किल्टचा, म्हणजे पुरुषांच्या निऱ्यांच्या स्कॉटिश घागऱ्याचा, प्रश्न कधी ना कधी येतोच. ऑफिसातल्या कुणाचं तरी लग्न निघतं, विद्यापीठाचा पदवीदान समारंभ येतो, २५ जानेवारीच्या बर्न्स सपरचं, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ होणाऱ्या मेजवानीचं, आमंत्रण येतं. सूट आपल्याकडे असतोच, पण एवढ्या लांब येऊन इथेही सूटच घालायचा का, असं मनात येतं आणि मग एडिनबरोच्या रॉयल माइलवरची दुकानं पालथी घालणं सुरू होतं. एका दुकानाच्या दारात चाळीस पौंडांचा किल्ट टांगलेला, चार दुकानं सोडून पुढे आठशे पौंडांचा. लांबून दोन्ही सारखेच. ऑनलाइन बघावं तर डेनिमचे, चामड्याचे, खिशांचे, वेल्क्रोचे असे आणखी शंभर प्रकार.

हा लेख अशा नवख्या गिऱ्हाइकासाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. किल्टचा पैसा मागच्या निऱ्यांत असतो. किल्ट पारंपरिक असो की आधुनिक, दुकान दीडशे वर्षांचं असो की कालचं, तो आधी पाठमोरा धरून बघायचा, मग आतली बाजू बाहेर काढून बघायची आणि त्यानंतर किंमत विचारायची. समोरची सपाट बाजू कुणालाही बरी शिवता येते.

पहिली पायरी: किती वेळा घालणार ते ठरवा

एकदाच घालायचा असेल तर विकत घेऊच नका. भाड्याने किल्ट देणारी दुकानं इथल्या प्रत्येक मोठ्या गावात आहेत. जाकीट, वेस्टकोट, स्पोरन (कमरेपुढे लटकवायचा बटवा), मोजे, बूट असा सगळा संच साधारण ६० ते १२० पौंडांत दोन-तीन दिवसांसाठी मिळतो. मे ते सप्टेंबर हा लग्नांचा मोसम, तेव्हा महिना-दोन महिने आधी माप देऊन या. आणि किल्टच्या आत काय घालायचं यावर तुम्हाला हजार विनोद ऐकवले जातील. भाड्याच्या किल्टपुरतं उत्तर सोपं आहे: चड्डी घाला. तुमच्या आधी तो कुणी घातला होता हे तुम्हाला माहीत नाही आणि नंतरच्या माणसाचाही विचार करायला हवा.

वर्षातून तीन-चार प्रसंग येणार असतील आणि इथे काही वर्षं राहायचा विचार असेल, तर स्वतःचा घेण्यात अर्थ आहे. अशा माणसाने लोकरीचा, पारंपरिक शिवणीचा किल्ट घ्यावा. तो वीस-तीस वर्षं सहज टिकतो, आणि भाड्याचे आकडे जोडले की सहा-सात प्रसंगांत हिशेब बरोबरीला येतो.

तिसरा गट म्हणजे रग्बीची मॅच, डोंगरातली पायपीट, शनिवारचा पब यासाठी किल्ट हवा असणाऱ्यांचा. त्यांनी आठशे पौंडांच्या किल्टच्या नादी लागू नये. बिअर सांडल्यावर मशीनमध्ये टाकता येईल असं काहीतरी घ्यावं.

नवखा माणूस फसतो तो मधल्या किमतीत. दोनशे पौंडांच्या आसपास ‘पारंपरिक, शंभर टक्के लोकर, आठ वार’ असं लिहिलेलं काही दिसलं, तर पुढच्या पायऱ्या दोनदा वाचा.

दुसरी पायरी: ‘पारंपरिक’ म्हणजे काय ते समजून घ्या

सोळाव्या शतकाच्या अखेरीस डोंगराळ भागातले लोक अंगाभोवती मोठी चादर गुंडाळून कमरेला पट्टा बांधत. तिचा वरचा भाग खांद्यावरून घेतलेला असे. खालचा अर्धाच वेगळा करून नेसायची पद्धत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. तिचं श्रेय टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंड कारखानदाराला दिलं जातं, आणि त्यावरून स्कॉटिश लोक आजही वाद घालतात. कलोडनच्या लढाईत डोंगराळ भागातल्या बंडखोरांचा पराभव झाल्यावर १७४६ च्या कायद्याने या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने त्या भेटीचा सगळा थाट टार्टनमध्ये, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या कापडात, उभा केला, आणि शहरी उच्चभ्रूंनाही किल्ट चालू लागला.

ही माहिती एवढ्यासाठीच, की दुकानदार ‘हजार वर्षांची परंपरा’ सांगू लागला तर मान डोलवायची गरज नाही. शिवलेल्या निऱ्यांचे जे सर्वांत जुने किल्ट आहेत ते अठराव्या शतकाच्या शेवटाचे, आणि त्यांना कापड लागायचं चारेक वार. आठ वारांचा, बारीक निऱ्यांचा जो किल्ट आज पारंपरिक म्हणून विकला जातो, तो त्यानंतरचा. त्यामुळे कुणी चार वारांचा, रुंद बॉक्स निऱ्यांचा किल्ट दाखवला तर त्याला कमी लेखू नका. इतिहासाच्या हिशेबाने तोच थोरला, शिवाय वजनाला हलका आणि किमतीलाही बरा.

आता आजचा पारंपरिक किल्ट. वर्स्टेड (घट्ट पिळाच्या, गुळगुळीत धाग्याच्या) लोकरीचं टार्टन, समोर एकावर एक येणारे दोन सपाट पदर, मागे सगळ्या निऱ्या, कमरेला चामड्याचे दोन-तीन पट्टे आणि बकला. खालच्या पदराचा पट्टा डाव्या बाजूच्या फटीतून बाहेर येतो, वरचा पदर उजवीकडे बंद होतो. कंबर म्हणजे बेंबीच्या पातळीची कंबर, जीन्सची नव्हे. खाली दुमड नसते. कापडाचा विणलेला काठ हीच खालची कड. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, मापाच्या वेळी तिच्यावरच घोडं अडतं.

तिसरी पायरी: कापड

आठ वार ऐकून आपल्याकडच्या माणसाला धक्का बसत नाही, कारण घरात नऊवारी पाहिलेली असते. पण हे आठ वार मोजायची रीत वेगळी आहे. टार्टन साधारण ५४ ते ६० इंच पन्ह्याचं येतं. त्यातलं चार वार घ्यायचं, लांबीत मधोमध कापायचं आणि दोन तुकडे टोकाला टोक जोडायचे. जोड निरीच्या आत लपतो. म्हणून ‘चार वार दुहेरी पन्हा’ आणि ‘आठ वार एकेरी’ हे एकच. विक्रेता नुसतं ‘पाच वार’ म्हणाला, तर एकेरी की दुहेरी हे विचारून घ्या.

कापडाचं वजन औंसात सांगतात, दुहेरी पन्ह्याच्या एका वाराला इतके औंस असं. १६ औंस, म्हणजे वाराला सुमारे साडेचारशे ग्रॅम, हे भारी कापड. निरी सुरीसारखी उभी राहते, चालताना घेर छान झुलतो आणि इथल्या वाऱ्याला तो दाद देत नाही. तयार किल्ट पावणेदोन-दोन किलोचा होतो, पण वजन कमरेभर वाटलं जात असल्यामुळे घातल्यावर जाणवत नाही. १३ औंस हे मधलं, आणि पहिल्या किल्टसाठी मी तेच सुचवेन. स्कॉटलंडमध्ये बारा महिने चालतं, नाचताना घामाघूम करत नाही. १०-११ औंसाचं कापड हातात छान वाटतं, पण निऱ्या लवकर बसतात आणि वाऱ्यात उडतात. पुण्या-मुंबईतल्या डिसेंबरच्या लग्नात घालायचा बेत असेल तरच त्याचा विचार करा. मे महिन्यात कोणतीही लोकर नको.

लोकरीशिवाय दोन कापडं दिसतील. एक पॉलिव्हिस्कोस, ज्याला सगळे ‘पीव्ही’ म्हणतात. हे कृत्रिम असलं तरी चांगलं कापड आहे: घरी धुता येतं, निरी धरून ठेवतं, लांबून लोकरीसारखं दिसतं. यॉर्कशायरची मार्टन मिल्स यासाठी प्रसिद्ध आहे. दुसरं अॅक्रिलिक. रॉयल माइलच्या चाळीस पौंडांत बहुधा हेच असतं. वर्षभरात त्यावर गोळे येतात आणि बसल्याजागी चकाकी येते. फोटोपुरता घ्यायचा तर घ्या, पण किल्ट घेतला असं समजू नका.

ओळखायचं कसं? कापड उलटून बघा. खरं टार्टन विणलेलं असतं, दोन्ही बाजूंना रंग सारखेच आणि अंगात तिरप्या रेघांची वीण. मागची बाजू फिकी असेल तर ते छापलेलं आहे. दुमड सोडवून एखादा सुटा धागा मिळाला तर घरी जाऊन जाळून बघा, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, अॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. दुकानात काडी पेटवू नका.

चौथी पायरी: निऱ्या, म्हणजे खरी परीक्षा

इथे वेळ काढा. किल्ट दोन्ही हातांनी कमरेपाशी धरा आणि पाठ तुमच्याकडे करा.

कमरेपासून सीटच्या सर्वांत रुंद भागापर्यंत निऱ्या शिवलेल्या असतात, त्याखाली मोकळ्या. शिवलेल्या भागाला इथे ‘फेल’ म्हणतात. माणसाची कंबर सीटपेक्षा लहान, म्हणून प्रत्येक निरी खाली रुंद आणि वर अरुंद होत गेली पाहिजे. पंचवीसेक निऱ्यांत मिळून सहा-सात इंचांचा फरक जिरवायचा, म्हणजे प्रत्येक निरीत पाव इंच. तेही टार्टनच्या रेघा न मोडता. कारागिराचे वीस-पंचवीस तास जातात ते बहुतेक इथे. स्वस्त किल्टमध्ये निऱ्या वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीच्या शिवतात आणि कमरेला एखादी चिमटी घेऊन वेळ मारून नेतात. तो घातला की पाठीमागे वर फुगा येतो आणि खाली निऱ्या फाकतात.

आता आडव्या रेघा बघा. एका निरीवरची आडवी रेघ शेजारच्या निरीवर तंतोतंत पुढे गेली पाहिजे, डावीकडून उजवीकडे, कमरेपासून काठापर्यंत. एक-दोन ठिकाणी सुताभर इकडेतिकडे चालतं, हातकाम आहे. पण पायरी-पायरीने रेघ खाली उतरत गेलेली दिसली तर किल्ट परत टांगून ठेवा.

उभ्या रेघांचे दोन प्रकार. ‘सेट’ म्हणजे टार्टनची पुन्हा पुन्हा येणारी नक्षी. निऱ्या अशा घालायच्या की मागेही समोरच्यासारखीच अखंड नक्षी दिसावी, हा पहिला प्रकार आणि बहुतेक नागरी किल्ट असेच असतात. दुसऱ्यात प्रत्येक निरीवर एकच ठरावीक पट्टा येतो. ही पलटणींची पद्धत. उभं राहिलं की पाठीमागे एक रंग उठून दिसतो आणि पाऊल टाकलं की निऱ्यांच्या आतले बाकीचे रंग चमकतात. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो. बँडच्या मागून चालत गेलात तर कारण कळेल. दोन्हींना खर्च सारखाच, पण सांगितल्याशिवाय दुकानदार पहिलाच करून देतो.

मग किल्ट उलटा करा. आत सुती अस्तर असतं आणि त्याच्या खाली कॅनव्हास. निऱ्यांच्या आतलं जादा कापड फेलमध्ये कापून काढतात, म्हणजे कमरेला जाडी होत नाही, पण त्यामुळे मागचा सगळा भार पेलायला कॅनव्हास लागतो. अस्तर दाबून बघा, मधे जरा करकरीत, ताठ थर लागला पाहिजे. तिथे नुसतं चिकटवलेलं फ्यूजिंग असेल तर पाच-सात वर्षांत पट्ट्यांच्या ताणाने निऱ्या वाकड्या होतात. बाहेरून निऱ्यांच्या कडेला हाताचे टाके दिसतात का हेही बघा, बारीक, जवळजवळ आणि कापडात बुडालेले. यंत्राची शिवण वाईटच असते असं नाही. पण हातशिलाईचे पैसे घेऊन यंत्राची शिवण देऊ नये, एवढंच.

समोरची बाजू शेवटी. वरच्या पदराच्या मधोमध टार्टनची एक ठळक रेघ आहे का, उजव्या कडेला झालर नीट सुटली आहे का, पदर खाली किंचित रुंदावतो का. झालं.

पाचवी पायरी: आधुनिक किल्टमध्ये कोणता?

‘आधुनिक’ या एका पाटीखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, कामाचा किल्ट. अमेरिकेत सिअॅटलला २००० मध्ये यूटिलिकिल्ट्स सुरू झाली आणि जाड सुती कापड, बाजूला मोठे खिसे, समोर टिचबटणं हे रूप तिने रूढ केलं. हा किल्ट जीन्सच्या उंचीवर बसतो, स्पोरन लागत नाही, हातोडी अडकवायलाही जागा असते. उन्हाळी महोत्सवात मजा येते. स्कॉटिश लग्नात मात्र घालून जाऊ नका. कुणी तोंडावर बोलणार नाही, पण नवरदेवाची आई बघत राहील.

दुसरी, पीव्हीचा सोपा किल्ट. रूप पारंपरिक, पण कापड चार-पाच वार, यंत्राची शिवण, काही ठिकाणी बकलांच्या जागी वेल्क्रो. पेनसिल्व्हेनियाच्या यूएसए किल्ट्सची पीव्हीची मालिका या वर्गातली. शंभर-दीडशे पौंडांत हे काम होतं आणि पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याला मी निःसंकोच हाच सांगेन. अमेरिकेतून ब्रिटनला मागवताना जकात आणि व्हॅट वर चढतात, तो आकडा आधी धरा.

तिसरी वस्तू खरी शिंप्याची. एडिनबरोच्या हॉवी निकोल्सबीने १९९६ पासून ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी किल्ट्स या नावाने डेनिम, बारीक पट्ट्यांचं सुटिंग, ट्वीड, चामडं अशा कापडांत किल्ट शिवले. घडण पारंपरिक, पण बसतो कमरेच्या खाली, खिसे असतात, आणि रोज घालावा ही कल्पना. किंमत पारंपरिक किल्टच्या बरोबरीची. ज्याच्याकडे आधीच एक टार्टनचा किल्ट आहे त्याने दुसरा असा शिवावा. पहिलाच असा शिवला तर औपचारिक समारंभाला तुम्ही पुन्हा भाड्याच्या दुकानात जाल.

ट्वीड या जाड, खरबरीत लोकरी कापडाबद्दल थोडं, कारण गेल्या काही वर्षांत इथल्या लग्नांत ट्वीडचे किल्ट बरेच दिसतात. हॅरिस ट्वीड हे नाव १९९३ च्या कायद्याने संरक्षित आहे. आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरी विणलेलं असेल तरच ते लावता येतं. कापड सुंदर. पण वर्स्टेडसारखी कडक निरी त्यात राहत नाही आणि जाडीमुळे निऱ्याही कमी घालाव्या लागतात. चौथ्या पायरीतली परीक्षा इथे जरा सैल हाताने घ्या.

सहावी पायरी: कोणाकडून?

नवख्याला कुणी सांगत नाही अशी गोष्ट: बहुतेक किल्ट शिवणारे कापड स्वतः विणत नाहीत. सेलकर्कची लॉखकॅरन, पर्थची हाउस ऑफ एडगर, फॉरफारची स्ट्रॅथमोर अशा मोजक्या गिरण्यांकडून ते घेतात. म्हणजे महागड्या दुकानात आणि गल्लीतल्या एकट्या कारागिराकडे एकाच गिरणीचं तेच कापड असू शकतं. फरक शिवणीचा, मापाचा आणि दुकानाच्या भाड्याचा.

एडिनबरोचं किन्लॉक अँडरसन हे १८६८ पासूनचं घराणं, राजघराण्याचे पुरवठादार. तिथे किल्ट शिवणं हा एक मानाचा अनुभव आहे आणि किमतीतही तो मान धरलेला असतो. गॉर्डन निकल्सनकडे शिवणीबरोबर किल्ट शिवायचं शिक्षणही दिलं जातं. पेझलीचं ह्यूस्टन, ग्लासगोचं मॅकग्रेगर अँड मॅकडफ हीही जाणती नावं. हाताने शिवलेला, मापाचा, लोकरीचा किल्ट अशा ठिकाणी साधारण पाचशे ते नऊशे पौंडांपर्यंत जातो आणि दोन-तीन महिने लागतात.

मला विचाराल तर घरी बसून शिवणारे स्वतंत्र कारागीर शोधा. मोठ्या दुकानांचे किल्टही बऱ्याचदा अशाच कारागिरांच्या घरून शिवून येतात. त्यांच्याशी थेट बोलता येतं, शिवलेले नमुने हातात घेऊन उलटे करून बघता येतात आणि पुढे पोट सुटलं तर दुरुस्तीला तोच माणूस असतो. तोटा एवढाच, की त्यांची रांग लांब असते आणि घाई केलेली त्यांना आवडत नाही.

ऑनलाइन स्वस्त किल्टांचा मोठा भाग पाकिस्तानातल्या सियालकोटहून येतो. बॅगपाइपही तिथे ढिगाने बनतात आणि जगभर जातात. तिथल्या मालाला सरसकट नाव ठेवणं चुकीचं आहे, पण दर्जात फार चढउतार आहे आणि फोटोवरून तो कळत नाही. अशा ठिकाणी ‘स्कॉटिश डिझाइन’, ‘हायलँड दर्जा’ हे शब्द सोडून द्या आणि सरळ लिहून विचारा: कापड कुठल्या गिरणीचं, किती औंस, किती वार, शिवण कुठे होते, हाताने की यंत्राने, आत कॅनव्हास आहे का, मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

जुने किल्टही बघा. धर्मादाय दुकानांत आणि लिलावाच्या संकेतस्थळांवर शंभरेक पौंडांत अस्सल हातशिलाईचा किल्ट मिळून जातो. कसरीची भोकं उजेडासमोर धरून तपासा. कमरेत दोन-तीन इंचांचा फरक पट्टे हलवून निघतो, लांबीचा निघत नाही.

सातवी पायरी: टार्टन कोणतं? आपल्याला चालतं का?

चालतं. कोणत्या घराण्याचं टार्टन कुणी घालावं याला कायदा नाही. बाल्मोरल तेवढं राजघराण्यासाठी राखीव आहे आणि ते तुम्हाला कुणी विकणारही नाही. भारतीय माणूस नीट किल्ट घालून आला की इथल्या लोकांना आनंदच होतो. १९९९ पासून तर इथल्या शीख समाजाचं ‘सिंग’ टार्टनही आहे.

तरी घराण्याचं टार्टन घातलं की ‘तुझं त्यांच्याशी नातं काय?’ हा प्रश्न संध्याकाळभर येतो. तो टाळायचा तर सर्वांसाठीची टार्टन घ्या: ब्लॅक वॉच, हंटिंग स्टुअर्ट, कॅलेडोनिया, फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड. किंवा ज्या शहरात राहता त्याचं. एडिनबरो, ग्लासगो, अॅबर्डीन, डंडी यांची स्वतःची टार्टन आहेत, काही विद्यापीठांचीही आहेत. विद्यार्थ्याला सांगायला नातंही खरं. स्कॉटिश टार्टन नोंदवही २००९ पासून सरकारी आहे आणि घरबसल्या चाळता येते. हिरव्या-निळ्या चौकड्यांचं मॅकेन्झीही दुकानात हमखास पुढे केलं जातं. हे ७८ व्या हायलँडर्स पलटणीचं टार्टन, आणि ही पलटण १८०३ मध्ये आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या फौजेशी लढली होती. दिसायला देखणं आहे, घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

लेबलवर ‘एन्शंट’ किंवा ‘मॉडर्न’ लिहिलेलं असेल तर त्याचा किल्टच्या प्रकाराशी संबंध नाही. तो फक्त रंगछटेचा भेद आहे, एन्शंट म्हणजे फिके रंग, मॉडर्न म्हणजे गडद. सावळ्या हातापायांवर मला गडद जास्त खुलतं असं वाटतं.

आठवी पायरी: माप

जीन्सचा नंबर सांगू नका. जीन्स कमरेच्या खाली बसते आणि तिच्यावरचा आकडाही बऱ्याचदा कंपनीने तुमचं मन राखून छापलेला असतो. पातळ शर्टावर, बेंबीच्या पातळीला किंवा बोटभर वर, पोट आत न ओढता दुसऱ्याकडून टेप धरवा. मग सीटचा सर्वांत रुंद भाग. लांबीसाठी गुडघ्यांवर ताठ उभे राहा आणि कमरेच्या त्याच रेषेपासून जमिनीपर्यंत मोजा. काठ जमिनीला जेमतेम सुटला पाहिजे, म्हणजे उभं राहिल्यावर तो वाटीच्या वरच्या भागावर येतो.

पारंपरिक किल्ट कमरेच्या या रेषेच्याही वर दोनेक इंच चढतो. तुम्ही दिलेल्या लांबीत ते दोन इंच धरले आहेत की नाहीत, हे शिवणाऱ्याला लेखी विचारा.

तयार किल्ट बहुधा २४ इंच लांबीचे येतात, ते सहा फुटांच्या आसपासच्या माणसाच्या हिशेबाने. पाच फूट सहा-सात इंचांच्या माणसाला २२-२३ पुरतात. तो २४ चा गुडघा पूर्ण झाकतो, आणि खालचा काठ विणलेला असल्याने दुमडून शिवता येत नाही. शिवला तर निऱ्यांचा तळ जाड होऊन उघडतो. आपल्या सरासरी उंचीचा विचार करता मापाने शिवून घेण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. दुमड घातलेला आधुनिक किल्ट मात्र कुठलाही शिंपी कमी करून देईल.

बाकीचं सामान आणि पहिल्यांदा घालताना

स्पोरन, पट्टा, लोकरीचे मोजे, मोज्यांच्या पट्ट्या आणि बूट एवढं पुरे. सुरुवातीला साधा चामडी स्पोरन घ्या, तो दिवसाही चालतो आणि रात्रीही. साधे काळे बूट असतील तर लांब नाड्यांचे गिली ब्रोग नंतर घेतले तरी चालतील.

मोजे आणि बूट आधी, किल्ट नंतर. उलट केलंत तर वाकून नाड्या बांधताना काय होतं ते कळेल. मोज्याची दुमड गुडघ्याखाली तीन बोटं. किल्टची पिन उजवीकडे खाली, आणि फक्त वरच्या पदरातून. दोन्ही पदर एकत्र टोचले तर पहिल्याच पावलाला कापड फाटतं. वेस्टकोट घातला तर पट्टा नको. बसताना मागून तळहाताने निऱ्या खाली सारत बसा, नाहीतर उठल्यावर सगळा घेर चुरगळलेला. ‘केली’ (ceilidh) या स्कॉटिश मेळाव्यातल्या नाचात गिरकी असते, तेव्हा वरच्या उजव्या बकलाची एक खूण जास्त आवळून ठेवा.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीन डू, हा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून इथल्या कायद्यात सवलतीत बसतो. काही सभागृहं आणि पब तरीही आत येऊ देत नाहीत. भारतात येताना तो हातातल्या बॅगेत ठेवला तर सुरक्षा तपासणीत जाईलच, चेक-इनच्या बॅगेत टाका.

लोकरीचा किल्ट धुवायचा नाही. ब्रश मारायचा, हवेत टांगायचा, डाग तेवढा ओल्या फडक्याने टिपायचा, आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा ड्रायक्लीन, तेही निऱ्या मोडणार नाही अशा ठिकाणी. प्रवासाला निघताना निऱ्यांवर पांढऱ्या दोऱ्याने लांब टाके घाला, किल्ट लांबीत ठेवून कमरेच्या दिशेने गुंडाळा आणि जुन्या नायलॉनच्या लांब मोज्यात सरकवून बॅगेत ठेवा. इस्त्री लागत नाही. मुंबई-कोकणात पावसाळाभर ठेवायचा झाला तर आधी दोन दिवस कोरड्या हवेत टांगा, मगच डांबरगोळ्यांसह बंद पिशवीत घाला. डांबरगोळ्या कापडात सुट्या टाकू नका, पुरचुंडीत बांधा. आणि बकलांचे पट्टे सैल सोडून ठेवा, आवळून ठेवलेल्या चामड्याला त्याच जागी कायमची घडी पडते.